कर्ज फेडताना आधी काय, मग काय: पुण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी क्रमवार मार्गदर्शन

आमच्या मंडळीत मी खजिनदार आहे, आणि महिन्यातल्या दोन शनिवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरच्या हिशेबाला बसते. वडगाव शेरी, खडकी, येरवडा, पिंपरी अशा सगळीकडून माणसं येतात. कोणी भोसरीत कामाला असतं, कोणी नर्स, कोणी शाळेत शिपाई. कष्टात कोणीच कमी नसतं. चुकतो तो क्रम. शेवटी करायची गोष्ट बहुतेकांनी सगळ्यात आधी केलेली असते: जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. मधली पायरी गाळली की पुढची टिकत नाही, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

क्रमासाठी मी एकच उतारा समोर ठेवते, २ राजे अध्याय ४ मधली विधवा. धनको तिचे दोन मुलगे दास म्हणून न्यायला आलेला असतो. ती आधी अलीशा संदेष्ट्याला सगळं उघड सांगते. तो विचारतो, घरात तुझ्याजवळ काय आहे? मग दार लावून काम, मग तेल विकणं, मग कर्जाची फेड, आणि उरेल त्यात निर्वाह. चमत्कार सगळ्यांच्या लक्षात राहतो, हा क्रम राहत नाही.

## तयारी: कागद, दोन संध्याकाळी आणि नवरा-बायको दोघंही

एकट्याने बसू नका. लग्न झालेलं असेल तर दोघंही हवीत. एकटे असाल तर आई, भाऊ किंवा मंडळीतलं एखादं विश्वासाचं माणूस सोबत घ्या. सलग दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. पहिल्या संध्याकाळी फक्त कागद गोळा करायचे. निर्णय एकही घ्यायचा नाही.

काय काय हवं: मागच्या तीन महिन्यांचं बँक खात्याचं स्टेटमेंट, फोनमधल्या यूपीआय व्यवहारांची यादी, क्रेडिट कार्डाची बिलं, प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र, पतसंस्थेचं पासबुक, सोनेतारणाच्या पावत्या, भिशीची वही, पगाराच्या स्लिपा. हातउसन्याला कागद नसतो, त्याची नावं आणि रकमा आठवून लिहा.

सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवालही काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. विसरलेलं ॲपचं कर्ज किंवा मित्रासाठी जामीन राहून केलेली सही बहुतेक वेळा तिथेच सापडते.

एक अनुभव सांगते. एका बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. सोन्याच्या पावतीबद्दल विचारल्यावर त्यांनी पिशवीतून बायबल काढलं. स्तोत्रसंहितेच्या पानांत घडी केलेली पावती होती, घडीवर शाई उडालेली. बांगड्या आणि मंगळसूत्रातले मणी गहाण होते. घरात कोणाला माहीत नव्हतं. मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. पावती लपली म्हणून मुदत थांबत नाही. तुमच्याकडे अशी पावती असेल तर ती आजच बाहेर काढा आणि आधी तारीख बघा.

तपासा: गहाणाची मुदत, चेक दिलेल्या तारखा, खात्यातून हप्ता आपोआप वळता होण्याच्या तारखा. पुढच्या पंधरा दिवसांत येणाऱ्या तारखांना लाल पेनने गोल करा.

## १. आधी एकमेकांना सांगा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. नवऱ्याने कार्ड लपवलेलं असतं, बायकोने भिशी. मग यादी निम्मीच होते आणि सहा महिन्यांनी उरलेलं कर्ज उगवतं, तेव्हा विश्वासही जातो.

सांगताना रक्कम आधी सांगा, कारण नंतर. ‘माझ्या नावावर चौसष्ट हजार आहेत’ एवढं एक वाक्य पुरतं. ऐकणाऱ्याने त्या संध्याकाळी फक्त लिहून घ्यायचं, उलटतपासणी करायची नाही. भांडण व्हायचंच असेल तर पाळकसाहेबांना किंवा दोघांच्याही विश्वासातल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलवा. आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. ते पैशालाही लागू आहे.

मंडळीला कळेल या लाजेने जे गप्प बसतात त्यांना मला मनापासून सांगायचं आहे: कर्ज होणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. आजारपण, कंपनी बंद पडणं, लग्न अशी त्याची कारणं असतात. आणि कर्जापायी जीव नकोसा झाला असेल तर हिशेब बाजूला ठेवा आणि आत्ता टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो.

## २. यादी: सगळ्यांचं व्याज एकाच मापात

वहीच्या एका पानावर प्रत्येक कर्जासाठी एक ओळ: कोणाचं, किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती, तारण काय, जामीन कोण.

घोळ होतो तो व्याजात. सावकार ‘पाच टक्के’ म्हणतो ते महिन्याचे, म्हणजे वर्षाला साठ. पतसंस्था ‘चौदा टक्के’ म्हणते ते वर्षाचे. दुकानातला माणूस ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’ म्हणतो तेव्हा तो शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज धरतो. एक लाख दोन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅटने घेतले तर हप्ता ५,००० बसतो, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने (म्हणजे जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज धरून) ते व्याज वर्षाला सुमारे १८ टक्के पडतं. म्हणून सगळं वर्षाच्या, घटत्या शिलकीच्या मापात आणा. बँकांना आणि वित्त कंपन्यांना घरगुती कर्जाबरोबर एकूण वार्षिक खर्चाचा दर सांगणारं मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. नव्या कर्जाबरोबर ते आलं असेल तर त्यातला दर घ्या.

उचललेली भिशीसुद्धा कर्जच आहे. बारा जणांची भिशी तिसऱ्या महिन्यात उचलली असेल तर उरलेले नऊ हप्ते तुमचं देणं आहे. ते यादीत लिहा.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक बनवलेलं उदाहरण घेऊ. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५२,०००. कर्जं अशी:

- क्रेडिट कार्ड ६४,०००, महिन्याला साडेतीन टक्के, किमान रक्कम सुमारे ३,२००
- ॲपचं कर्ज १५,०००, महिन्याला तीन टक्के, हप्ता २,९००
- पतसंस्था १,१०,०००, वर्षाला चौदा टक्के, हप्ता ५,३००
- सोनेतारण ८०,०००, महिन्याला एक टक्का, म्हणजे व्याज ८००
- मेहुण्यांकडून हातउसने ३०,०००, बिनव्याजी

यात कार्डाची ओळ नीट बघा. ६४,००० वर एका महिन्याचं व्याज २,२४०. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ४०३. तुम्ही ३,२०० भरले की मुद्दलातून जेमतेम साडेपाचशे रुपये कमी होतात. ‘दर महिन्याला भरतोय, तरी उतरत नाही’ याचं कारण हे आहे.

तपासा: यादीची बेरीज २,९९,००० येते का? दोघांनी वेगवेगळी बेरीज करा. तुमच्या स्वतःच्या यादीतही असंच करा, आणि आकडा पानाच्या तळाशी तारीख घालून लिहा.

## ३. नवं कर्ज त्याच दिवशी बंद

कार्ड कापून टाका असं मी म्हणत नाही. ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन खरेदी आणि रोख काढण्याची सोय बंद करा, खरेदीच्या साइटवर साठवलेला कार्ड नंबर पुसा, कर्जाची ॲपं फोनमधून काढा. मात्र ॲप काढण्याआधी बाकी रकमेचा आणि हप्त्यांच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा. ॲप काढलं म्हणून कर्ज जात नाही.

या पायरीवर हमखास कोणीतरी म्हणतं, ‘सगळं एकत्र करून एकच मोठं कर्ज घेतो, हप्ता कमी होईल.’ कमी दराचं कर्ज घेऊन महागडं कार्ड बंद करणं कधीकधी शहाणपणाचं असतं, पण आत्ता नाही. आधी तीन महिने खर्च ताब्यात आल्याचं वहीत दिसू दे. नाहीतर कार्ड रिकामं होतं, नाताळात पुन्हा भरतं, आणि हातात दोन कर्जं उरतात.

सावध: हप्त्याची रक्कम कमी होणं आणि कर्ज कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एकूण किती भरावे लागतील’ हा आकडा विचारल्याशिवाय सही करू नका.

## ४. महिन्याचा हिशेब: आधी गरजा, मग देणी

बुरूज बांधायला बसणारा आधी खर्चाचा अंदाज घेतो, हे लूक १४ मध्ये आहे. आपल्या घरात हा अंदाज पगार झाल्यावर नव्हे, पगाराच्या आदल्या दिवशी घ्यायचा.

आपल्या उदाहरणात: घरभाडं ११,०००, किराणा-दूध-भाजी १२,०००, शाळा ४,०००, वीज-गॅस-मोबाइल ३,०००, पीएमपी आणि पेट्रोल ४,०००, औषधं १,५००. एकूण ३५,५००. अर्पण १,५०० धरलं (त्याबद्दल पुढे). उरले १५,०००. ठरलेले हप्ते आणि व्याज मिळून १२,२००. खरोखर मोकळे राहिले ते २,८००.

रक्कम लहान वाटते. पण कर्ज फेडायचं हत्यार हेच आहे. ते माहीत नसतं तेव्हा ते स्विगीत आणि तुळशीबागेत जातं.

आता चुका. पहिली, वर्षातून एकदा येणारे खर्च धरलेलेच नसतात. नाताळची खरेदी, मुलांच्या वह्या-पुस्तकं जूनमध्ये, गाडीचा विमा, गावी जाणं, दृढीकरणाचे कपडे. या सगळ्याची वर्षाची बेरीज करून बाराने भागा. नाताळला १२,००० लागत असतील तर जानेवारीपासून दरमहा हजार बाजूला पडायला हवेत. जमत नसतील तर यंदाचा नाताळ सहा हजारांचा, हे मुलांना ऑगस्टमध्येच सांगा, डिसेंबरच्या चोवीस तारखेला नको. घरच्या करंज्या आणि गव्हाणीतला तारा तितकाच सुंदर असतो. मुलं समजून घेतात, त्यांना गृहीत धरलेलं मात्र आवडत नाही.

दुसरी चूक, अडीअडचणीला काहीच ठेवलं जात नाही. मग मूल आजारी पडलं की पुन्हा ॲप. महिन्याला पाचशे का होईना, वेगळ्या खात्यात टाका, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही अशा.

## ५. अर्पणाचं काय करायचं

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायला लाज वाटते. माझं मत स्पष्ट आहे.

अर्पण थांबवू नका, पण उधारीच्या पैशातून देऊ नका. जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नव्हे, असं पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात लिहितो. दशांश आत्ता झेपत नसेल तर ठरवून, दोघांच्या संमतीने, लहान रक्कम द्या आणि दर सहा महिन्यांनी वाढवा. कोणी पूर्ण दशांश देऊन बाकी खर्च कमी करायचं ठरवलं तर तेही उत्तम. पण तो पैसा धनकोच्या किंवा मुलांच्या फीच्या वाट्याचा नको. मार्क ७ मध्ये प्रभूने ‘कुर्बान’ (देवाला वाहिलेलं) म्हणून आईबापांचं देणं बुडवणाऱ्यांना कडक शब्दांत सुनावलं आहे. देवाच्या नावाने दुसऱ्याचं देणं अडवता येत नाही.

सावध: ‘पाच हजार बीज पेरा, तीन महिन्यांत कर्ज माफ होईल’ असं कोणी सभेत किंवा फोनवर सांगत असेल तर पैसे देऊ नका. मी हे रागाने नाही, दुःखाने लिहिते. त्या पाच हजारांसाठी गहाण पडलेलं सोनं मी पाहिलं आहे. पवित्र शास्त्रातल्या त्या विधवेला अलीशाने पैसे मागितले नव्हते.

## ६. फेडीचा क्रम

नियम साधा आहे: सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि मोकळी रक्कम एकाच कर्जावर टाकायची. सगळ्यांना थोडं थोडं जास्त देणं ही सर्वात नेहमीची चूक आहे. त्याने एकही कर्ज संपत नाही आणि दोन महिन्यांत धीर सुटतो.

कोणतं आधी? ज्याचं व्याज जास्त ते. पण एखादं लहान कर्ज तीनचार महिन्यांत संपणार असेल आणि त्याचं व्याजही चढंच असेल तर मी ते आधी घेते, कारण त्याचा हप्ता मोकळा होतो.

आपल्या २,८०० चे असे भाग करू: ५०० अडीअडचणीच्या खात्यात, ५०० मेहुण्यांना, १,८०० ॲपच्या कर्जावर. ॲपला दरमहा ४,७०० गेले की ते चौथ्या महिन्यात संपतं, वर थोडे पैसे उरतात. ते उरलेले आणि पुढचे ४,७०० कार्डाकडे वळवा. कार्डाला आता महिन्याला ७,९०० जातात आणि ते साधारण नऊ-दहा महिन्यांत संपतं. म्हणजे सुरुवातीपासून सव्वा वर्षाच्या आत दोन्ही महागडी कर्जं गेली. नुसते ३,२०० भरत राहिला असतात तर त्या एका कार्डाला साडेतीन वर्षं लागली असती. त्यानंतर हे ७,९०० सोन्याकडे की पतसंस्थेकडे, ते गहाणाची मुदत बघून ठरवा.

मेहुण्यांचे बिनव्याजी पैसे शेवटी फिटले तरी चालेल, पण गप्प राहून नव्हे. ‘महिन्याला पाचशे देईन, कार्ड संपलं की वाढवीन’ असं तोंडाने सांगा आणि पाच तारखेला पाठवा. आपलं होय ते होय असावं. उसने घेऊन न देणाऱ्याला स्तोत्र ३७ दुर्जन म्हणतं, तिथे रक्कम किती हे विचारलेलं नाही.

सोनं मोडायचं का? वापरात नसलेला एखादा दागिना विकून कार्ड संपत असेल तर हिशेबाने ते बरोबर आहे. पण दागिना बायकोचा असेल तर निर्णय तिचा. त्यासाठी वचनं म्हणून दाखवून तिच्यावर दबाव आणू नका.

तपासा: जास्तीची रक्कम भरण्याआधी विचारा, ती मुद्दलात जाते की पुढच्या हप्त्यात? मुदतीआधी फेडीचं शुल्क आहे का? उत्तर लेखी घ्या.

## ७. धनकोशी बोलणं, तारीख चुकण्याआधी

हप्ता जमणार नसेल तर तारखेच्या आठवडाभर आधी शाखेत जा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागायचं नेमकं असावं: ‘मुदत वाढवून हप्ता ३,८०० करावा’ किंवा ‘कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्यावी.’ जेवढं झेपेल तेवढंच कबूल करा.

तडजोडीने कमी रकमेत खातं बंद करायची ऑफर आली तर सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे कर्ज मिळताना तो आडवा येतो. अगदीच दुसरा मार्ग नसेल तरच ती घ्या, आणि पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन हेही चालत नाही. वेळ आणि नंबर लिहून ठेवा, आधी बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी १४४४८. फोटोत फेरफार करून धमकावणाऱ्या ॲपवाल्यांसाठी सायबर हेल्पलाइन १९३०.

खाजगी सावकार असेल तर परवाना विचारा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. कोर्टाची नोटीस आली तर घाबरून घरात ठेवू नका. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो.

## ८. जामीन

कर्ज फेडत असताना कोणालाही जामीन राहू नका. मंडळीतल्या भावाला नाही म्हणणं जड जातं, तरीही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको सरळ तुमच्या पगारावर येऊ शकतो. नीतिसूत्रे ६ मध्ये सांगितलं आहे की जामीन राहून अडकलास तर डोळ्याला डोळा लागू न देता जा आणि सुटका करून घे. म्हणून आधीच सही केलेली असेल तर या आठवड्यात त्या माणसाला भेटा, त्याचे हप्ते वेळेवर जातात का ते स्वतः बघा. मदत करायचीच असेल तर जेवढं परत मिळालं नाही तरी चालेल तेवढं सरळ देऊन टाका.

## ९. कर्ज संपल्यावर कागद बंद करणं

शेवटचा हप्ता गेला की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. प्रत्येक कर्जाचं ‘बाकी नाही’ पत्र घ्या. तारण दिलेले कोरे चेक परत मागा, खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता रद्द झाल्याची खात्री करा. कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य झाल्यावर लेखी विनंती करा. गाडीवरचा बोजा आरटीओच्या नोंदीतून उतरवून घ्या. दोनेक महिन्यांनी सिबिल पुन्हा बघा आणि खातं ‘बंद’ दिसत नसेल तर तिथेच तक्रार नोंदवा.

सोनं सोडवायला दोघांनी जा. पावतीवरचं वजन आणि नगांची संख्या काउंटरवरच, समोर तोलून घ्या. मणी असतील तर मोजून घ्या. सही त्यानंतर.